काळ्या मातीतली जुनी एमटीबी : काय टिकलं, काय बदललं

ही जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, मे महिन्यात दुरुस्तीला आली तेव्हा मागचं चाक हातानं डावी-उजवीकडे चांगलं तीन मिलिमीटर हलत होतं. पेडल मारलं की दर फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज यायचा, आणि हँडल सरळ धरलं की ते एका खाचेत बसल्यासारखं अडकायचं. चेन गंजून काडीसारखी ताठ झाली होती. टायरच्या बाजूच्या भिंतींना उन्हानं भेगा पडल्या होत्या. मालक फुलंब्री तालुक्यातले शाळामास्तर. सायकल १९९१च्या सुमाराची, नात्यातल्या कुणीतरी परदेशातून परतताना आणलेली. क्रोमोली स्टीलची फ्रेम, पुढे सस्पेन्शन नाही, कँटिलिव्हर ब्रेक, मागे सात गिअर आणि बहुतेक पार्ट शिमानोच्या डिओर एक्सटी एम७३० मालिकेतले. शेवटची दहा-बारा वर्षं ती ओसरीत उभी होती. गावातल्या दुकानदाराचा सल्ला सरळ होता : “सर, हे पार्ट आता कुठं भेटायचेत? गिअर-बिअर काढून टाकू, सिंगल करून देतो.”

मास्तरांना सिंगल नको होती. घर ते शेत रोजचा कच्चा रस्ता आणि रविवारी खुलताबादवरून म्हैसमाळचा चढ, एवढ्यासाठी गिअर हवेतच. म्हणून सायकल पूर्ण उघडायचं ठरलं, आणि प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारायचा : हा झिजलाय, की नुसता वाळलाय? जुन्या एमटीबीत या दोन गोष्टींची गल्लत फार होते, आणि वाळलेले चांगले पार्ट भंगारात जातात.

वाळलेलं ग्रीस

या गल्लतीचं ठळक उदाहरण म्हणजे गिअर बदलायचे खटके. या सायकलला हँडलच्या वर बसणारे अंगठ्याचे खटके, म्हणजे थंब शिफ्टर आहेत. त्यामुळे काम सोपं होतं. याच सुमाराला हँडलखाली दोन बटणांचे रॅपिडफायर शिफ्टर आले. त्यांच्या पोटात बारीक पंजे आणि स्प्रिंगा असतात आणि कारखान्यातलं ग्रीस वीस वर्षांत मेणासारखं घट्ट होतं. बटण दाबलं तरी पंजा दात पकडत नाही आणि लोक म्हणतात, शिफ्टर गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. झाकण काढून डब्ल्यूडी-४० किंवा डिझेलनं दोन-तीनदा धुवायचा, बटण चाळीस-पन्नास वेळा दाबायचं, सुकल्यावर पातळ तेलाचे दोन थेंब सोडायचे. ग्रीस पुन्हा भरायचं नाही, नाहीतर काही वर्षांनी तोच खेळ.

थंब शिफ्टरला एवढंही करावं लागत नाही. एक दांडी, एक चकती, एक स्प्रिंग. शिवाय मधली कडी फिरवली की टकटक करत एकेका गिअरवर थांबणारा खटका घर्षणावर चालायला लागतो. मग दांडी हवी तिथं थांबते. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) किंचित वाकलेला असो, मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) दुसऱ्याच मापाची असो, रायडर कानानं गिअर जुळवून घेतो. जुन्या एमटीबीवरचा सगळ्यात लाडका पार्ट विचाराल तर पहिलं नाव याचंच. या सायकलीवरचे दोन्ही खटके फक्त पुसले आणि परत बसवले.

खटके निर्दोष असूनही गिअर मात्र लागत नव्हते. कारण केबलच्या आवरणात सापडलं. मधे कधीतरी कुणीतरी गिअरला ब्रेकचं आवरण घातलं होतं. ब्रेकच्या आवरणात तार वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते, ओढ बसली की ते किंचित आखडतं. ब्रेकला ते चालतं. खटक्याच्या गिअरला केबलची ओढ मिलिमीटरच्या हिशेबात लागते, तिथं नाही चालत. गिअरच्या ४ मिमी आवरणात तारा लांबीला समांतर असतात. उलट चूक तर जीवघेणी : गिअरचं आवरण ब्रेकला घातलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर त्या समांतर तारा बाजूला फाकतात, आवरण फुटतं आणि ब्रेक हातातून जातो. गावातल्या दुकानात दोन्ही आवरणं एकाच खिळ्याला टांगलेली असतात, म्हणून घेताना टोक कापून बघायचं.

मागचा हब

हब म्हणजे चाकाचा मधला भाग. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि वेळ द्यावा असाच हा पार्ट आहे. जुन्या एक्सटी हबमध्ये सीलबंद बेअरिंग नसतं. वाटी, सुटे छर्रे आणि कोन (आसावर चढणारा शंकूसारखा नट) असतात, म्हणजे आपल्या साध्या काळ्या सायकलीचीच रचना, फक्त पोलाद आणि घासकाम वरच्या दर्जाचं. पुढे ३/१६ इंची छर्रे प्रत्येक बाजूला १०, मागे १/४ इंची प्रत्येक बाजूला ९. सायकल परदेशी असली तरी छर्रे इंचातच असतात, त्यामुळे ते तालुक्यालाही मिळतात.

कॅसेट काढून १५ मिमीच्या पातळ पान्ह्यानं कोन धरला, १७ मिमीच्या पान्ह्यानं लॉकनट सोडला. डाव्या बाजूचं ग्रीस करडं आणि रवाळ होतं, बोटावर घासलं तर वाळू लागावी तसं. छर्रे पुसून उजेडात धरले : चकाकी गेलेली, दोन छर्ऱ्यांना सुईच्या टोकाएवढे खड्डे. कोनावर छर्रे धावतात त्या पट्ट्याचे एका ठिकाणी टवके उडालेले. वाटीत बॉलपेनचं टोक हलकेच फिरवून बघितलं, कुठंही अडखळलं नाही. वाटी साफ.

हबची हुशारी इथेच आहे. वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असते आणि एकदा खराब झाली की व्यवहारात हब संपला. कोन आणि छर्रे बदलता येतात, आणि झीजही मुख्यतः कोनावर पडते. कारण वजनाचा दाब आसाच्या एकाच अंगाला येतो आणि आस फिरत नाही, म्हणून कोनाचा तोच तुकडा कायम भार खातो. वाटी चाकाबरोबर फिरते, तिच्यावर झीज वाटली जाते.

नवा कोन शोधताना एक अडचण येते. आपल्या साध्या सायकलीचा मागचा आस बहुधा ३/८ इंची, म्हणजे ९.५ मिमीच्या आसपास असतो. इथला १० मिमी जाड आणि १ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर. देशी कोन या आसावर चढतच नाही. इथला कोन देशी आसावर सैल फिरतो आणि “बसला, बसला” म्हणत कुणी आवळला तर आटे खातो. म्हणून १० मिमी आसाचा शिमानोचा कोन ऑनलाइन मागवला. मागवताना कोनाची लांबी, छर्रे धावणाऱ्या भागाचा व्यास आणि धूळ अडवणाऱ्या रबरी कडीची जागा कॅलिपरनं मोजून जुळवली.

छर्रे सगळे नवे घातले, दोन्ही बाजूंचे अठराच्या अठरा. फक्त खराब दोन बदलायची काटकसर महागात पडते : नवा छर्रा झिजलेल्यापेक्षा मिमीच्या शंभराव्या भागाएवढा मोठा निघाला तरी सगळा भार तोच घेतो आणि आधी कोन, मग वाटी खातो. ग्रीस साधं लिथियमचं, वाटी अर्धी भरेल एवढं.

जुळवणीत नव्या माणसाची चूक ठरलेली. चाक हातात धरून कोन असा जुळवतात की झोल अजिबात राहत नाही, आणि मग क्विक रिलीज (चाक फ्रेममध्ये आवळणारी दांडी) आवळतात. क्विक रिलीज आस किंचित दाबतो, त्यामुळे हातात बरोबर वाटलेला हब फ्रेममध्ये जड होतो आणि दोन-तीनशे किलोमीटरमध्ये कोन पुन्हा खड्डे धरतो. बरोबर रीत अशी : हातात अगदी नावापुरता झोल ठेवायचा, चाक फ्रेममध्ये बसवून क्विक रिलीज आवळायचा आणि रिम धरून हलवायचं. झोल नेमका संपलेला असला पाहिजे. राहिला तर एक अष्टमांश फेरा आवळा, चाक थांबताना झटका देत असेल तर तेवढाच सैल करा. इथे तिसऱ्या खेपेला जमलं.

फ्रीहब म्हणजे कॅसेट ज्यावर बसते आणि पेडल थांबवलं तरी चाक फिरू देतो तो भाग. त्याचे पंजे रॅपिडफायरसारखेच वाळलेले होते. १० मिमीच्या ॲलन चावीनं आतला पोकळ बोल्ट सोडून फ्रीहब वेगळा केला, डिझेलमध्ये रात्रभर ठेवला, फिरवून काढला, आणि ग्रीसऐवजी मोटारसायकलचं इंजिन ऑइल सोडलं. घट्ट ग्रीसमध्ये पंजा उघडायला उशीर करतो. चढावर उभं राहून पेडल मारताना तो एक दात सुटला तर गुडघा थेट हँडलवर आपटतो.

पेडलचा ‘टक्’

आवाज क्रँकमधून, म्हणजे पेडलच्या दांडीतून येत होता. क्रँक चौकोनी टोकाच्या आसावर बसणारा, आणि तोही जपण्यासारखाच पार्ट. ११० आणि ७४ मिमी बोल्ट-वर्तुळाचा, पाच हातांचा. आजही या मापाच्या चकत्या मिळतात आणि बीबी (क्रँकचा आस ज्यात फिरतो ते बेअरिंग) कार्ट्रिज तर सहज. डाव्या क्रँकचा बोल्ट सैल होता. नशीब एवढंच की सायकल उभी होती. सैल क्रँक चालवत राहिलं तर कठीण पोलादी आस ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल करतो आणि मग कितीही आवळा, क्रँक पुन्हा सुटतो.

क्रँक काढायचा पुलर लावण्याआधी बोल्टखालचा वॉशर निघाला की नाही ते टॉर्चनं बघायचं. इथे तो ग्रीसला चिकटून आतच राहिला होता. तसाच पुलर फिरवला असता तर क्रँकचे २२ मिमीचे आटे उपटून हातात आले असते. पुलर हातानं शेवटपर्यंत बसवायचा आणि मगच मधला बोल्ट आवळायचा.

मूळ बीबी सुट्या छर्ऱ्यांचा होता. उजवी वाटी खड्ड्यांनी भरलेली. ती काढताना उलट्या आट्यांचं भान हवं : बहुतेक एमटीबीत बीबीची उजवी वाटी घड्याळाच्या दिशेनं सुटते. इथे ती गंजानं जखडली होती. त्यावर जुनी युक्ती लागू पडली. १६ मिमीचा बोल्ट वाटीच्या भोकातून आतून बाहेर काढला, दोन्ही बाजूंना जाड वॉशर घातले आणि बाहेरून नट आवळला. बोल्टनं वाटी घट्ट पकडली की नट आणखी त्याच दिशेनं फिरवत राहायचं. आवळायची दिशा आणि वाटी सुटायची दिशा एकच असल्यामुळे पकड ढिली होत नाही. अर्धा फेरा करकरला आणि वाटी सुटली.

नवा बीबी शिमानोचा यूएन३००, ६८ मिमी शेलचा आणि १२२.५ मिमी आसाचा. ही दोन्ही मापं फ्रेमचा शेल आणि जुना आस कॅलिपरनं मोजून घेतली, अंदाजानं नाही. आस छोटा निघाला तर आतली चकती फ्रेमला घासते, लांब निघाला तर चेनची रेषा बिघडते. किंमत तेव्हा हजार-दीड हजारात पडली. हा बीबी उघडता येत नाही, झिजला की टाकायचा. सुट्या छर्ऱ्यांचा आग्रह इथे सोडून दिला. बीबी चिखलाच्या सगळ्यात जवळ असतो आणि फ्रेमच्या नळ्यांतून वरचं पाणीही त्यातच उतरतं, म्हणून सीलबंद बरा.

क्रँक बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळायचा. टॉर्क पान्हा नसेल तर फूटभर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण १३-१४ किलोचा जोर. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासायचा. हे न केल्यानं जेवढे चौकोनी क्रँक वाया जातात तेवढे वापरानं जात नसावेत.

हँडलची खाच

हँडल मधोमध अडकतं कारण सरळ चालताना छर्रे एकाच जागी बारीक थरथरत राहतात आणि वाटीत आपले खळगे पाडतात. नवा हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) घेणं हा एक मार्ग. इथे स्वस्तातला दुसरा वापरला : छर्रे पिंजऱ्यात होते, तो पिंजरा काढून ५/३२ इंची सुटे छर्रे भरले. सुटे भरताना पिंजऱ्यापेक्षा दोन-तीन जास्त मावतात, अंतर बदलतं आणि जुन्या खळग्यांत सगळे छर्रे एकदम बसत नाहीत. खाच जाणवेनाशी झाली. हा कायमचा इलाज नाही, दोन-तीन वर्षं निघाली तरी पुष्कळ.

चेन, कॅसेट, डिरेलर

चेनची लांबी पोलादी पट्टीनं मोजली. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी भरतात. इथे ३०८च्या वर भरल्या, म्हणजे एक टक्क्याहून जास्त ताण. अशा चेनबरोबर कॅसेटही गेलेलीच असते. नवी चेन टाकली असती तर जुन्या दातांवरून उड्या मारल्या असत्या. दोन्ही बदलल्या. आठ गिअरवाली साधी चेन सात गिअरवर निर्धास्त चालते.

कॅसेट घेताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही : १९९०च्या आगेमागेच्या फ्रीहबवर ११ दाताची सर्वांत छोटी चकती बसत नाही, फ्रीहबच्या टोकाची खाचणी आड येते. १२ ते २८ दातांची घेतली, कानसकाम वाचलं.

मागचा डिरेलर मूळचाच ठेवला. त्याच्या दोन छोट्या चक्रांपैकी वरचं मुद्दाम बाजूला थोडं सरकतं, त्यामुळे गिअर आपोआप मधोमध येतो. खालचं सरकत नाही. धुताना या दोघांची अदलाबदल झाली की गिअर बिघडतात आणि दोष खटक्याला दिला जातो. काढतानाच वरच्याला धागा बांधून ठेवावा.

ब्रेक

कँटिलिव्हर हात ठणठणीत होते. रबर मात्र दगड झालेलं. रबर बदललं, खुंट्यांना ग्रीस लावलं, रबराचं पुढचं टोक रिमकडे १ मिमी झुकतं ठेवलं, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. मास्तरांना कुणीतरी व्ही-ब्रेक सुचवले होते. ते १९९६च्या सुमाराला आले आणि चांगले आहेत, पण त्यांना केबलची ओढ जवळजवळ दुप्पट लागते. जुन्या लिव्हरला जोडले तर लिव्हर हँडलला टेकते आणि चाक थांबत नाही. बदलायचे तर लिव्हरसकट.

पुढच्या ब्रेकला दोन्ही हातांना जोडणारी आडवी तार असते. मुख्य केबल तुटली तर ती तार टायरच्या गुट्ट्यांत अडकून पुढचं चाक जागीच थांबवू शकते. चिमट्यावरची रिफ्लेक्टरची पट्टी या तारेला अडवते. शोभेची समजून काढलेली ती पट्टी परत बसवली.

फ्रेम आणि जवसाचं तेल

सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली तर आतून मूठभर गंजकट धूळ पडली. टाचणीनं टोचून पाहिलं, पत्रा कुठं मऊ नव्हता. नळ्यांत जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, जादा तेल निथळू दिलं आणि आठ-दहा दिवस उन्हात ठेवली. जवसाचं तेल हवेत वाळून पापुद्रा धरतं आणि गंज रोखतं, खोबरेल किंवा शेंगदाण्याचं धरत नाही. तेलानं माखलेल्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.

टायर

एमटीबीचं २६ इंची चाक ५५९ मिमीचं. दुकानात ‘छब्बीस’ मागितलं तर २६ × १ ३/८ हातात पडतं, ते ५९० मिमीचं आणि या रिमवर कधीच बसणार नाही. दशांश चिन्हाचं माप, म्हणजे २६ × १.९५ असं छापलेलं बघून घ्यायचं. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे लक्षात घेऊन टायरच्या आत प्लॅस्टिकची पट्टी टाकली.

पावसाळ्यानंतर

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सायकल रोज शेतावर गेली. काळी माती ओली असताना टायर, ब्रेक आणि फ्रेम यांच्या मधे ठासून बसते आणि चाक अक्षरशः अडतं. मास्तरांनी एकदा ती वॉशिंग सेंटरवर पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली. पुढच्या हबचं ग्रीस लगेच दुधाळ झालेलं सापडलं. पाणी दाबानं रबरी कडी ओलांडून आत जातं आणि तिथंच कोंडतं. हब पुन्हा उघडून वीस छर्रे बदलले. तेव्हापासून रीत ठरली : चिखल वाळू द्यायचा, काडीनं ढेकळं पाडायची, राहिलेलं ओल्या फडक्यानं पुसायचं. वाळली की ही माती भेगाळून स्वतःच सुटते.

ऑक्टोबरच्या तपासणीत मागचा हब जसा जुळवला होता तसाच होता. डाव्या क्रँकचा बोल्ट शंभर किलोमीटरला पाव फेरा आवळला गेला होता, नंतर हलला नव्हता. चेन १२ कड्यांना ३०५.५ मिमी. खरी चिंता पुढच्या रिमची निघाली. ब्रेक रबरात अडकलेल्या दगडाच्या कणांनी तिची भिंत घासून खोलगट केली आहे, पट्टी लावली की मधून उजेड दिसतो. जुन्या रिमवर झिजेची खूण नसते, म्हणून टायर काढून कॅलिपरनं मोजली : १.३ मिमी. १ मिमीला आली की हवेच्या दाबानं भिंत फाटू शकते. ३६ भोकांची ॲल्युमिनियमची ५५९ रिम आणून ठेवली आहे. स्टीलची गावातच मिळत होती, पण पावसात तिच्यावर ब्रेक लागत नाही. उन्हाळ्यात जुन्या हबभोवती नवं चाक विणायचं.